घुमाऱ्याची पेटी

पाडवा झाला की माझे कान आपोआप टवकारतात. चाळीस वर्षं गावोगावच्या यात्रांना कर्णे लावले, त्याची ही खोड. आता दुकान नाही, कर्णे नाहीत, कानसुद्धा अर्धेच उरलेत. तरी चैत्राचं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं की वाटतं, कुठल्यातरी माळावर बांबू रोवायला निघायचंय. दारात पाण्याची कळशी घेऊन ही उभी असेल आणि म्हणेल, "अवो, पेटी घेतली का? न्हायतर जाशीला तसंच, आन् मग बसशीला कपाळाला हात लावून."

ही म्हणजे शालन, माझी बायको. ती माघात गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मी चौथी शिकलेला माणूस. मला सजवून लिहिता येत नाही आणि रडून दाखवणं त्याहून येत नाही.

यात्रेचा हंगाम म्हणजे आमची सुगी. पाडव्यापासून वैशाख संपेपर्यंत आज हे गाव, उद्या ते गाव. गावात शिरलं की इतरांना झाडाची सावली दिसायची, मला कर्णा बांधायची फांदी दिसायची. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. तापलेल्या धुळीचा, गुलालाचा, गाड्यावरच्या गरम जिलबीचा, घराघरातून येणाऱ्या मटणाच्या रश्श्याचा, आणि या सगळ्यांच्या वर आवाज मोठा करणाऱ्या माझ्या मशीनमधल्या तापलेल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. धूळ भाजल्यासारखा तो वास आला की समजायचं, मशीन जागं झालं. मग माईकला टिचकी मारायची आणि कर्ण्यातून सगळ्या गावाला खाकरून दाखवायचं. त्याआधी मी टोपी नीट करून घ्यायचो. लग्नात केली नव्हती तेवढी नीट.

यंदा यात्रा आल्या आणि दस्तगीर मेस्त्रीची नात नसीम घरी आली. दस्तगीर मेस्त्री म्हणजे उद्यमनगरातला लेथवरचा माणूस, माझा जुना दोस्त. तोही जाऊन आता बरीच वर्षं झाली. नसीम चाळिशीची असेल. गाणी ध्वनिमुद्रित करायची तिची स्वतःची खोली आहे राजारामपुरीत. चहा घेतला आणि सरळ विषयाला हात घातला.

"आबा, ती स्प्रिंगांची पेटी हाय का अजून?"

"माळ्यावर हाय. भंगारात घालणार हुतीस काय?"

"न्हाय वो. मला ती संगणकात बसवायची हाय."

"कशानं बसवशील? खिळं ठोकून?"

ती हसली. म्हणाली, पेटी नाही, पेटीची चाल संगणकाला शिकवायची. एका बाजूनं आवाज घातला की दुसऱ्या बाजूनं तो कसा होऊन बाहेर पडतो, हे एकदा नीट मोजलं की संगणक तसंच करून दाखवतो. मग स्प्रिंग नको, लोखंड नको.

"म्हंजी पेटी मेली तरी चालंल म्हण की," मी म्हणालो.

तिनं रिकामी कपबशी उचलून आत नेऊन ठेवली. मग माझं मलाच वाईट वाटलं आणि मी शिडी लावली.

पेटी कशाला केली ते सांगायला पाहिजे. देवळाच्या गाभाऱ्यात माणूस नुसता पुटपुटला तरी आवाज भरून येतो. दगड तो आवाज धरून ठेवतात, एकमेकांना देतात, मग सावकाश सोडतात. त्याला आम्ही घुमारा म्हणायचो. माळावर दगड कुठला? आवाज कर्ण्यातून निघाला की उन्हात विरला. मी ज्या शाहिरांबरोबर हिंडायचो त्यांचा आवाज घरात ऐकला तर अंगावर काटा यायचा, आणि माळावर तोच आवाज वाळक्या शेंगेसारखा वाजायचा. ते मला टोचायचे, "लेका, तुझ्या कर्ण्यातनं माझा आवाज भुंडा वाटतुया. कायतरी कर की."

मुंबईकडं सिनेमाच्या गाण्यांना घुमारा देणारी यंत्रं असतात, एवढं ऐकून होतो. तसलं यंत्र कोल्हापुरात बघायलाही मिळत नव्हतं. पण कुणीतरी सांगितलं की आत स्प्रिंग असते. आवाज स्प्रिंगेच्या या टोकाकडून त्या टोकाकडं जातो, आपटून परत येतो, पुन्हा जातो. झाला घुमारा. स्प्रिंग म्हटल्यावर मला आमची सासुरवाडी आठवली.

शालन कबनूरची. घरात माग. खडखडाटात वाढलेली, म्हणून बोलायची मोठ्यानं आणि ऐकायची त्याहून बारीक. शेजारच्या खोलीतल्या मागाचा धागा तुटला तर तिला आवाजावरून कळायचं. तुटलेला धागा ती न बघता दोन बोटांत जोडायची. तिच्या माहेरच्या अडगळीतून मागाची एक बारीक, लांब स्प्रिंग आणली. एका टोकाला आवाज आत घालायला जुन्या हेडफोनची कॉइल, दुसऱ्या टोकाला तो उचलायला ग्रामोफोनचं पिकअप, आणि ते सगळं बसवायला दस्तगीरनं पत्र्याची हातभर लांब पेटी केली. मशीनला जोडली आणि मी माईकमध्ये "हॅलो" म्हणालो. घुमारा आला, पण एकाच सुरावर रेकत.

शालन भाकरी थापता थापता म्हणाली, "एकटीच हाय न्हवं, म्हणून रडतीया. जोड द्या की तिला. आन् सारखी नको. एक उनी, एक पुरी. सारख्या जावा एका घरात घातल्या की एकच रड."

दस्तगीरनं लेथवर दुसरी स्प्रिंग वळली, बोटभर जास्त लांब. खरोखर रडं थांबलं. पहिल्यांदा तिच्यातून घुमून आला तो आमच्या घराचा आवाज. चुलीची फुंकर, तव्यावर पडलेली भाकरी, शालनचं हसू. आमचं घर दहा बाय बाराचं आणि आवाज देवळाएवढा. दस्तगीर डोळे पुसत होता. धुराचं कारण सांगत होता.

त्या वर्षीचा हंगाम या पेटीचा. साल नेमकं आठवत नाही. ट्रान्झिस्टरची मशीनं बाजारात आली होती आणि मी अजून व्हॉल्व्ह सोडले नव्हते, तेव्हाची गोष्ट.

पहिली यात्रा गारगोटीकडची. पेटी स्टेजवर ठेवली. स्टेज म्हणजे पिंपांवर टाकलेल्या फळ्या. शाहिरांनी डफावर थाप मारली, मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांनी जोरात पाय आपटला, आणि कर्ण्यातून आभाळ फाटल्यासारखा गडगडाट झाला. स्प्रिंगच ती, हादरली की थोडीच गप्प बसते. चैत्राच्या लख्ख उन्हात माणसं वर बघायला लागली. एक म्हातारा वाळत घातलेल्या मिरच्या झाकायला पळाला. मग मी पेटी झाडाला दोरीनं टांगली, तर वाऱ्यानं हेलकावे खाऊन आतल्या स्प्रिंगा पत्र्याला घासायला लागल्या. खाली वाकळ अंथरून तिच्यावर ठेवली, तर जमिनीतून पाय वाजत यायचे.

शेवटी शालननं पेटी उचलली, स्टेजच्या मागं जाऊन वाकळेवर मांडी घातली आणि पेटी मांडीवर घेतली. "आता वाजवा," म्हणाली. गडगडाट बंद. माणसाचं मांस हादरा पिऊन टाकतं, हे मला तेव्हा कळलं. तेवढी मऊ आणि तेवढी स्थिर गादी कुठल्या कारखान्यात मिळत नाही.

तेव्हापासून ती प्रत्येक यात्रेला येऊ लागली. दोन-दोन तास हलायची नाही. ऊन लागू नये म्हणून पेटीवर पदर घ्यायची. एकदा एका बाईनं वाकून विचारलं, "किती म्हयन्याचं गं?" शालन म्हणाली, "लोखंडाचं हाय, मावशी. दूध पीत न्हाय, पर गाणं लागलं की बोलतंय." बाई जी पळाली! आम्ही हसलो. आम्हाला पोरबाळ झालं नाही. त्यावर याहून जास्त आम्ही कधी बोललो नाही.

माळ्यावरून काढलेली पेटी नसीमनं टेबलावर ठेवली, खाली स्पंज घातला, वायरी जोडल्या. सोबत आणलेल्या संगणकातून आधी एक टक्क आवाज पाठवला. पेटीतून आलं, "प्याँव." पन्नास वर्षांनी ऐकलं, तरी माझा हात आपोआप टोपीकडं गेला. मग तिनं जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत एक लांब शिट्टी आतून फिरवली. पुन्हा फिरवली. संगणकावर डोंगरासारख्या रेघा उमटल्या.

"आबा, हे बघा. तुमच्या स्प्रिंगेत जाड आवाज आधी पोचतुया आन् बारीक आवाज मागनं येतुया. म्हणून त्यो 'प्याँव' ऐकू येतो. हे जाणं-येणं मांडता आलं की निम्मं काम झालं."

बारीक आवाज मागं राहतो. ती पेटी मी वापरली, उघडली, सांधली, आणि पन्नास वर्षं हे मला माहीत नव्हतं. शालनला माहीत असणार. तिला सगळं बारीक ऐकू यायचं.

नसीमनं मग डबा उघडला. पेटीबरोबर माळ्यावरून बिस्किटाचा जुना डबाही खाली आला होता, त्यात फितीचं एक रीळ. "हे काय हो?"

"ते ठेव. त्याचं काम न्हाय."

"माझ्या नानानं केलेलं ध्वनिमुद्रण हाय न्हवं? नानी सांगायची. मला हेच पायजे हुतं. गाण्यात पेटी कशी बोलायची ते कळंल."

"नसीम, ती फीत लावायची न्हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. दस्तगीरचेच डोळे. तसल्या डोळ्यांना खोटं सांगता येत नाही आणि खरं सांगायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, ने काय करायचं ते कर, आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. ती रीळ घेऊन गेली. चार दिवस मला जेवण गेलं नाही. ती फीत मी कधी लावली नव्हती, तरी तिच्यात काय आहे ते मला पाठ होतं.

बिद्रीकडच्या एका गावची यात्रा. सकाळी देवळापाशी कासार बसला होता आणि बायकांची झुंबड. मीच शालनला म्हणालो, "जा, भरून घे. कोपरापर्यंत भर." ती आली तेव्हा हिरव्यागार चुड्यानं हात भरले होते. मला दाखवायला तिनं दोन्ही हात हलवले. झाडाला वारा लागावा तसा आवाज झाला. मी म्हणालो, "बास की, दृष्ट लागंल." असलं बोलणं मला फार जमायचं नाही. त्या दिवशी जमलं होतं.

दिवस कलायला कुस्त्या संपल्या आणि शाहीर उभे राहिले. दस्तगीरनं दुरुस्त केलेलं फितीचं यंत्र आणलं होतं, पेटीचा आवाज पुढं ऐकत बसायला. पोवाड्यात आई लेकाला लढाईवर धाडते ती जागा आली. शाहिरांनी आवाज एकदम खाली आणला. सगळा माळ गप्प. पोरंसुद्धा गप्प. आणि त्या शांततेत कर्ण्यातून आलं, टिण्ण. लांबलचक, घुमत. शालननं घाम पुसायला हात उचलला असणार आणि बांगडी पत्र्याला लागली असणार. ती पेटी म्हणजे कानच होता, अंगाला काही लागलं की सगळ्या गावाला सांगायची.

शाहीर थांबले. मागं वळून म्हणाले, "काय पावणं, पेटीत कासार बसवलाय का?" माळ हसला. हजार माणसं हसली की काय वाटतं ते ज्याच्यावर हसतात त्यालाच कळतं. माझं डोकं फिरलं. मी मशीनपाशीच उभा होतो. तिथं माझा दुसरा माईक असायचा, हरवलेल्या पोरांची नावं पुकारायचा. तो चालू आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी मागं वळून ओरडलो, "काढ त्या बांगड्या!"

आणि ते कर्ण्यातून गेलं. शालनच्या मांडीवरच्या पेटीतून फिरून, घुमून गेलं. देवळात बोलल्यासारखं. चार झाडांवरचे चार कर्णे तेच म्हणाले.

आमच्याकडं बांगडी फुटली असंसुद्धा कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. बाईच्या हातातल्या बांगड्या कधी काढतात हे कुणाला सांगायला लागत नाही. आणि मी जिवंत उभा राहून सगळ्या यात्रेला ऐकू जाईल असं ते म्हणालो होतो. हसू बंद झालं. पुढं बसलेली एक म्हातारी उठली आणि माझ्यावर हात नाचवत म्हणाली, "मुडद्या, जित्ता असून बायकूला असं बोलतोस? जीभ झडंना तुजी!"

मी शालनकडं बघितलं. ती रडली नाही.  कमरेला तिची सुताची लडी असायची, वायरी बांधायला. ती काढली आणि डाव्या हाताच्या बांगड्यांवर सूत गुंडाळायला लागली. घट्ट, एकाला एक लावून, मनगटापासून वरपर्यंत. मग उजव्या हातावर, डाव्या हातानं आणि दातानं. हिरवा चुडा पांढरा झाला. मग तिनं दोन्ही हात परत पेटीवर ठेवले आणि शाहिरांकडं मान हलवली. गाणं पुढं सुरू झालं. त्या दिवशीचा घुमारा सगळ्या हंगामातला चांगला होता, असं लोक म्हणाले.

हंगामभर हेच. कार्यक्रमाआधी ती बसायची, हातांना सूत गुंडाळायची, संपला की उलगडायची. मी बघायचो आणि वायरी आवरायला लागायचो. चुकलो म्हणायला एक शब्द लागतो. तो मी आज म्हणू, उद्या म्हणू करत राहिलो. मग वैशाख संपला, पुढं तयार यंत्रं आली, पेटी माळ्यावर गेली, आणि मी समजलो की ती विसरली. पुरुषाला असं समजायला सोपं पडतं.

ती विसरली नव्हती हे मला माघात कळलं. दवाखान्यात सलाईन लावायला आलेली पोरगी म्हणाली, "आजी, बांगड्या काढाव्या लागतील." शालनला बोलायला श्वास पुरत नव्हता. तरी ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्यांनी सांगितलं तवा काढल्या न्हाईत बाई. आता तुजं कुठलं ऐकती?" ती पोरगी हसली आणि बांगड्यांवर पट्टी गुंडाळली. शालनही थोडी हसली. मी सलाईनची नळी सरळ करत राहिलो. चुकलो, असं मी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. दोन दिवसांनी ती हिरव्या बांगड्यांनिशी गेली. बायका म्हणाल्या, भाग्याची गं. मनगट एवढं बारीक झालं होतं की त्या भरलेल्या बांगड्या कोपराकडं घसरत होत्या.

म्हणून त्या फितीचं नाव काढलं की माझं पाणी पाणी व्हायचं. माझं ते वाक्य त्यात होतं, घुमाऱ्यासकट. ती गेली, आणि ते तेवढं शिल्लक.

पाचव्या दिवशी नसीमनं बोलावलं. न जाऊन काय करतोय? जाताना का कुणास ठाऊक, शालनची वाकळ घडी करून काखेत घेतली. नसीमच्या खोलीच्या भिंतींना कापूस भरलेला, बोललेलं तिथंच मरतं. मी खुर्चीत बसलो आणि वाकळ मांडीवर घेतली. नसीमनं फीत लावली.

शाहीर आले. पन्नास वर्षांपूर्वीचा माळ आला, त्याच्यामागं पोरांचा कालवा, लांबून कुणाची तरी हाक. आवाज खाली आला. माळ गप्प झाला. मी खुर्चीचे हात धरले.

टिण्ण.

आणि लगेच शाहीर, पुढचं कडवं. मधे काही नाही. शाहिरांचं बोलणं नाही, हसू नाही, मी नाही.

"थांबीव," मी म्हणालो. "मधलं कुठं गेलं?"

"तेच दाखवायचं हुतं, आबा." तिनं रीळ माझ्यापुढं धरलं. "हितं फीत कापून जोडलीया. जोडायची चिकटपट्टी मिळती, पर हितं बघा. सुतानं शिवलीया. असला सांधा मी आजवर बघितला न्हवता."

चष्मा लावून बघितलं. केसाएवढे तीन टाके. मागावर बसणाऱ्या बाईचे टाके, न बघता घातलेले.

नसीम म्हणाली, "नानी सांगायची, शालनकाकू एकदा आमच्या घरी दिवसभर फीत ऐकत बसली. मग नानीकडं सुई मागितली. नानीनं इचारलं, काय फाटलं गं? तर म्हणाली, कुणाचा तरी तोल गेला हुता, तेवढा काढून टाकती."

मी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. ती तोडून टाकू शकली असती सगळंच. तिनं माझं तेवढं कापलं आणि बांगडी ठेवली. आणि मला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर मला ते वाक्य पुन्हा ऐकायला लागलं असतं.

"आबा," नसीम हळू म्हणाली, "आता हे स्वच्छ करती. ती टिणटिण पुसून टाकू का? गाण्यात येतीया."

"न्हाय."

"बारीकच हाय, कळायचं न्हाय कुणाला."

"पुसायची न्हाय. तिला हात लावू नको." मग मला सुचलं ते विचारलं. "ती पुरी वाजली न्हाय. कात्रीत तिचं शेपूट गेलंय. तुझ्या संगणकातली पेटी ते पुरं करील काय?"

नसीमनं डोळे पुसले. तिनं धुराचं कारण सांगितलं नाही. मग ती कामाला लागली. बांगडीचा तेवढा आवाज उचलला, माझ्या पेटीची चाल शिकलेल्या संगणकातून काढला, आणि पुढचं कडवं थोडं लांब सरकवून मधे जागा केली. मला म्हणाली, "ऐका."

मी वाकळेवर दोन्ही हात ठेवले आणि हललो नाही. माळ गप्प झाला. टिण्ण. आधी जाड आवाज पोचला, त्याच्यामागून बारीक आला, जाऊन आपटला, परत आला, पुन्हा गेला. उनीकडून पुरीकडं, पुरीकडून उनीकडं. बारीक, आणखी बारीक. शेवटी तर तो माझ्या अर्ध्या कानांनाच वाजत होता की कुठं आत, ते समजेना. मी वाट बघत राहिलो, पार विरेपर्यंत.

या वेळी मधे कुणी बोललं नाही.